चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस आपल्या टीममध्ये असतो तेव्हा

वय २९. बढती मिळून आठवडा झालाय. टीममध्ये नऊ माणसं, त्यातली तिघं पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्यापैकी एकानं हे काम सुरू केलं, तेव्हा नवी टीम लीडर शाळेतही जात नव्हती. पहिल्याच मीटिंगमध्ये ती कामाची नवी वाटणी मांडते. तरुण मंडळी लगेच प्रश्न विचारतात. ते ज्येष्ठ गृहस्थ मात्र वहीत काहीतरी टिपत बसतात आणि शेवटी एवढंच म्हणतात, "तुम्ही ठरवाल तसं."

आता या तीन शब्दांचा अर्थ काय लावायचा? होकार, नाराजी, की "करून बघा, मग कळेल"?

हा प्रसंग मी कल्पनेनं उभा केलाय, पण ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. टीम लीडरच्या मनात "लहान तोंडी मोठा घास" ही धास्ती असते. समोरच्याच्या मनात "मागून आली आणि तिखट झाली" हा सल असतो. दोघंही सभ्य असतात, म्हणून कुणी काही बोलत नाही. आणि माझ्या मते खरं नुकसान भांडणानं होत नाही, या न बोलण्यानंच होतं.

मनातलं वेळापत्रक

वय हा नुसता आकडा आहे, असं आपण म्हणतो खरं. पण कामाच्या ठिकाणी कुणीच तसं वागत नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक बार्बरा लॉरेन्स यांनी १९८४ मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या मॅनेजरांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक संस्थेत एक न लिहिलेलं वेळापत्रक असतं: अमुक वयात अमुक पायरी. ते कुणी भिंतीवर लावलेलं नसतं, आजूबाजूला बघून माणसं ते आपोआप शिकतात आणि स्वतःला त्यावर मोजत राहतात. आपण या वेळापत्रकात मागे पडलोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांची कामाबद्दलची भावना इतरांपेक्षा जास्त नकारात्मक होती.

तरुण वरिष्ठ म्हणजे या वेळापत्रकाची रोज समोर बसलेली आठवण. ती व्यक्ती कितीही चांगली असो, तिच्याकडे बघून "आपलं काय चुकलं?" हा प्रश्न मनात येऊ शकतो. या प्रश्नाचा रोख तिच्याकडे नसतोच. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतला थंडपणा तरुण टीम लीडरनं स्वतःच्या योग्यतेवरचा शेरा समजू नये.

पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. फ्लोरियन कुन्झे आणि योखेन मेंगेस यांनी ६१ जर्मन कंपन्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे माणसांचे वरिष्ठ त्यांच्याहून वयानं बरेच लहान होते, तिथे राग, भीती यांसारख्या भावना जास्त आढळल्या आणि त्याचा संबंध कंपनीच्या घसरलेल्या कामगिरीशी दिसला. मात्र जिथे माणसं अशा भावना बाहेर पडू देत नव्हती, तिथे कामगिरीला हा फटका बसलेला दिसला नाही. यावरून "गिळून टाका आणि कामाला लागा" असा निष्कर्ष कुणी काढेल. मला तो पटत नाही. गिळलेली नाराजी कंपनीच्या आकड्यांत दिसत नसेल, पण ती ज्याच्या घशात अडकलेली असते त्याला रोज टोचते. आणि मघाच्या "तुम्ही ठरवाल तसं"मध्ये नाराजीबरोबर एक महत्त्वाची माहितीही गिळली गेलेली असू शकते, हे पुढे येईलच.

अधिकार एकच नसतो

या सगळ्या गुंत्याची किल्ली मला एका जुन्या मांडणीत सापडते. जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये विचारलं, की एक माणूस दुसऱ्याचं ऐकतो ते नेमकं कशाच्या बळावर? त्यांनी पाच उगम सांगितले: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेची ताकद, पदानं मिळालेला हक्क, जाणकारी, आणि त्या व्यक्तीबद्दल वाटणारी ओढ किंवा आदर. आपल्या विषयापुरते यातले दोन पुरेत. एक पदाचा अधिकार, दुसरा जाणकारीचा.

बहुतेक जुन्या कामांत हे दोन्ही एकाच माणसात वाढत गेले. उमेदवारी केली, हात बसला, वर्षं गेली, मग मुकादम झाला. त्यामुळे "जो वर बसतो त्याला जास्त कळतं" हे आपण गृहीत धरायला शिकलो. तरुण टीम लीडर आणि अनुभवी सहकारी ही जोडी आली की हे दोन अधिकार दोन माणसांत विभागले जातात. निर्णयाचा हक्क एकीकडे, कामाची खोल जाण दुसरीकडे. अस्वस्थता येते ती इथून.

मग तरुण टीम लीडर यातून सुटायचे दोन मार्ग शोधतो, आणि दोन्ही चुकतात. पहिला मार्ग, आपल्यालाच जास्त कळतं हे सिद्ध करत राहणं. प्रत्येक चर्चेत शेवटचा शब्द आपला, ज्येष्ठांनी सांगितलेल्या गोष्टीत काहीतरी सुधारणा सुचवायचीच, माहीत नाही असं कधी म्हणायचंच नाही. पंचवीस वर्षं तेच काम केलेल्या माणसासमोर हे चार दिवसही टिकत नाही. दुसरा मार्ग, निर्णयच सोडून देणं. "तुम्ही मोठे, तुम्हीच सांगा." हे ऐकायला नम्र वाटतं. प्रत्यक्षात जबाबदारी ढकललेली असते, आणि ज्याच्यावर ढकलली त्याला ना तो पगार मिळतो ना ते पद. शिवाय टीममधल्या बाकीच्यांना कळेनासं होतं की इथे ठरवतं कोण.

मधली वाट साधी आहे, पण ती मोठ्यानं बोलून दाखवावी लागते: ठरवणं माझं काम, माहिती तुमच्याकडे जास्त, म्हणून ठरवण्याआधी मी तुम्हाला विचारीन, आणि ठरल्यावर त्याचा परिणाम माझ्या नावावर. सैन्यात ही व्यवस्था फार जुनी आहे. प्रशिक्षण संपवून आलेला विशीतला लेफ्टनंट सैनिकांच्या एका छोट्या तुकडीचा (प्लाटूनचा) प्रमुख होतो आणि त्याच्या सोबत अनेक वर्षं काढलेला सार्जंट असतो. हुकूम लेफ्टनंटचा. पण शहाणा लेफ्टनंट हुकूम देण्याआधी सार्जंटचं ऐकतो, आणि शहाणा सार्जंट आपलं वेगळं मत चारचौघांत न मांडता बाजूला घेऊन सांगतो. हे कुणाच्या स्वभावावर सोडलेलं नसतं, ती शिकवली जाणारी रीत असते. आपल्या ऑफिसांत, कारखान्यांत, दवाखान्यांत ही जोडी रोज तयार होते, पण तिची रीत कुणी शिकवत नाही.

फूट की कडी

आता एक उलटी बाजू, जी मला फार महत्त्वाची वाटते.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एका जंबो विमानानं उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा दुसरं जंबो विमान अजून त्याच धावपट्टीवर होतं. धावणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली होती. ते विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननं ठामपणे उत्तर दिलं की झालंय. कॅप्टन त्या कंपनीतला अतिशय अनुभवी वैमानिक आणि प्रशिक्षक होता. शंका पुन्हा कुणी उच्चारली नाही. ५८३ माणसं गेली. धुकं, रेडिओवरची अडखळलेली बोलणी, उशीर झाल्याची घाई अशी कारणं इतरही होती. पण कॉकपिटमधलं ते एक वाक्य पुढे जगभर शिकवलं गेलं.

तिथे पद आणि जाणकारी दोन्ही एकाच माणसात एकवटलेली होती. त्याला अडवायला दुसरं बळ उरलंच नव्हतं. विमानवाहतुकीनं यातून धडा घेतला. १९७९ पासून कॉकपिटमधल्या संवादाचं स्वतंत्र प्रशिक्षण आकाराला येत गेलं आणि आज ते वैमानिकांच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे.

म्हणून तरुण लीडर आणि ज्येष्ठ सहकारी या जोडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. निर्णय एका डोक्यात आणि अनुभव दुसऱ्या डोक्यात, याला आपण अडचण समजतो. पण दाराला आतून एक आणि बाहेरून एक कडी असावी, तशी ही रचना आहे. चूक एका माणसाच्या हातून पुढे सरकू शकत नाही. फक्त त्यासाठी दोघांनी स्पष्ट बोलायला हवं.

आडून बोललं तर काय होतं, हेही नोंदलेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातल्या बोलण्याचं वर्णन एक खेळ म्हणून केलं. रुग्णाला काय हवंय हे अनुभवी परिचारिकेला ठाऊक असतं. पण सल्ला दिला असं दिसता कामा नये. म्हणून ती सूचक बोलते, "मागच्या वेळी त्यांना अमुक औषधानं आराम पडला होता." डॉक्टर ते औषध लिहून देतो, जणू त्यालाच सुचलं. दोघांचा मान राहतो. रुग्णाचं भलं मात्र डॉक्टरला सूचना समजण्यावर अवलंबून असतं. नवशिक्या, घाबरलेल्या किंवा घाईतल्या डॉक्टरला ती समजलीच नाही तर?

"तुम्ही ठरवाल तसं" हे अशाच खेळातलं वाक्य आहे. म्हणून त्यावर समाधान मानू नका. मीटिंग संपल्यावर जा आणि विचारा, "या वाटणीत तुम्हाला सगळ्यात आधी काय बिघडेल असं वाटतं?" "तुमचं मत काय?" या प्रश्नाला "ठीक आहे" असं उत्तर देता येतं. "आधी काय बिघडेल?" याला ते देता येत नाही.

अनुभव म्हणजे नेमकं काय

अनुभवाचा आदर करा असं सगळे सांगतात. पण अनुभव माणसाच्या आत काय करतो, हे समजल्याशिवाय तो आदर वरवरचाच राहतो.

टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांवर प्रयोग केले. वय वाढलं तशी बोटांची प्रतिक्रिया मंदावलेली होती. खूण दिसल्यावर कळ दाबायला ज्येष्ठांना जास्त वेळ लागत होता. म्हणजे टायपिंगही हळू व्हायला हवं. झालं नाही. कारण ज्येष्ठ टायपिस्ट मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. पडद्यावर फक्त एक-दोन अक्षरंच दिसतील अशी व्यवस्था केली की त्यांचा हा फायदा संपायचा आणि वेग घसरायचा.

हा प्रयोग मी कितीतरी वेळा आठवते, कारण त्यात व्यवस्थापनाचा एक मोठा धडा आहे. अनुभवी माणूस पुढचं बघून काम करतो. त्याला कामाचे बारीक तुकडे करून, एकावेळी एकच तुकडा द्यायला लागलात, की तुम्ही त्याची सगळ्यात मोठी ताकद झाकून टाकता. आणि मग "यांचा वेग कमी झालाय" असा शेराही तुम्हीच मारता. संपूर्ण काम, शेवटची तारीख आणि त्यामागचं कारण सांगा; मधला रस्ता त्यांना आखू द्या. नवख्याला मात्र तेच काम तुकड्यातुकड्यानं द्यावं लागतं. सगळ्यांना एकसारखं वागवणं म्हणजे न्याय, असं समजणाऱ्या तरुण लीडरची इथे गल्लत होते.

दुसरी गोष्ट अशी, की अनुभवी माणसाला आपल्याला काय येतं हे सांगता येईलच असं नाही. गॅरी क्लाइन हे संशोधक अग्निशमन दलाच्या प्रमुखांशी बोलत असत. एकानं सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. एका एकमजली घरात मागच्या बाजूला आग लागली होती. जवानांनी पाणी मारलं, आग हटेना. खोली नको इतकी गरम होती, आणि एवढ्या आगीच्या मानानं आवाज फार कमी. प्रमुखाला काहीतरी विचित्र वाटलं, त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन कोसळली. खरी आग खाली तळघरात होती. त्या प्रमुखाला वाटत होतं की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे! बारकाईनं विचारल्यावर उष्णता, शांतता आणि पाण्याला दाद न देणारी आग या तीन खुणा बाहेर आल्या.

या विचारण्याच्या पद्धतीत तरुण टीम लीडरला उपयोगी असं बरंच काही आहे. "तुम्ही हे कसं करता?" असं विचारलं की पाठ्यपुस्तकी उत्तर मिळतं, किंवा "सवयीनं जमतं" एवढंच. त्याऐवजी एक घडलेला प्रसंग विचारा. "मागच्या वर्षी ते यंत्र बंद पडण्याआधीच तुम्ही थांबवलंत, तेव्हा आधी काय जाणवलं? नवीन माणूस असता तर त्याच्या नजरेतून काय सुटलं असतं? तुम्ही आणखी काय करायच्या बेतात होता?" प्रसंग आठवताना माणूस पुन्हा तिथे जातो आणि हाताला माहीत असलेल्या गोष्टी शब्दांत येऊ लागतात. अर्धा तास द्या, लिहून घ्या, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. ते चार ठिकाणी दुरुस्ती करतील. ती दुरुस्ती मूळ मजकुरापेक्षा मोलाची असते.

अनुभव चुकतो तेव्हा

पण अनुभव प्रत्येक वेळी बरोबर असतो असं मी म्हणत नाही. "आम्ही हे करून पाहिलंय, चालत नाही" हे वाक्य कधी शहाणपणाचं असतं, कधी थकव्याचं. कसं ओळखायचं?

अंतःप्रेरणेवर अविश्वास दाखवणारे डॅनियल काहनेमान आणि तिचे पुरस्कर्ते गॅरी क्लाइन या दोघांनी मिळून २००९ मध्ये एक लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. एक, कामाच्या जगात नियमितपणा हवा, म्हणजे तीच खूण दिसली की बहुतेक वेळा तोच परिणाम. दोन, आपला अंदाज चुकला की बरोबर आला, हे माणसाला लवकर आणि स्पष्ट कळायला हवं. दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तिथे वर्षानुवर्षांचा अनुभव सोन्यासारखा. नसतील तिथे वर्षं वाढतात, आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढेलच असं नाही.

यंत्राचा आवाज, रुग्णाचा चेहरा, तापलेल्या धातूचा रंग, रागावलेल्या ग्राहकाचा सूर, इथे ज्येष्ठांचं ऐका, तुमच्या तक्त्यात वेगळं दिसत असलं तरी आधी ऐका. पण "हे उत्पादन पुढची पाच वर्षं चालेल का", "या उमेदवाराला घ्यावं का", अशा प्रश्नांत उत्तर उशिरा कळतं आणि जगही बदलतं. तिथे वीस वर्षांचा अनुभव आणि दोन वर्षांचा अनुभव यांत आपण मानतो तेवढं अंतर नसतं. तिथे माहिती गोळा करा, छोटा प्रयोग करा. आणि "करून पाहिलंय" असं कुणी म्हटलं की कधी केलं होतं, कशामुळे फसलं, ते कारण आजही आहे का, हे खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा. अनेकदा तेव्हाची अडचण आज उरलेली नसते. कधी ती तशीच असते आणि तुमचे सहा महिने वाचतात.

विचारण्याच्या वेळेलाही अर्थ असतो. ॲलन लिंड, रूथ कॅन्फर आणि क्रिस्टोफर अर्ली यांनी १९९० मध्ये दाखवलं, की निर्णयाआधी ज्यांना मत मांडता आलं त्यांना तो निर्णय सगळ्यात न्याय्य वाटला. निर्णय झाल्यावर मत मांडू दिलं तरी काहीच न विचारण्यापेक्षा ते बरं वाटलं. दुसरा भाग वाचून कुणाला वाटेल, ठरवून टाकावं आणि मग नावाला विचारावं. कृपा करून तसं करू नका. ज्यानं अशा नावापुरत्या पन्नास बैठका पाहिल्या आहेत, त्याला एकावन्नावी लगेच ओळखू येते. ठरलेलं असेल तर "हे ठरलंय, राबवायचं कसं यावर बोलू" असं सरळ सांगावं. त्यात कमीपणा नाही.

आब राखण्याच्या नावाखाली

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात कळकळीनं बोलायचं आहे तिच्याकडे येते. तरुण लीडर उद्धट असतात अशी तक्रार ऐकू येते. पण त्याहून मोठं नुकसान भिडस्तपणानं होतं.

समजा, नवी संगणकप्रणाली आल्यापासून एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या अहवालात चुका येऊ लागल्या. टीम लीडरला दिसतंय. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला कसं सांगायचं? ती रात्री बसून स्वतःच चुका दुरुस्त करते. महिना जातो, चार महिने जातात. तिला थकवा येतो, मग चीड. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात अखेर तो शेरा उमटतो. त्या गृहस्थांना धक्का बसतो, आणि तो रास्त आहे, कारण वर्षभर त्यांना कुणी एका शब्दानं सांगितलेलं नसतं. ज्याला आपण आदर म्हणत होतो त्यानं त्यांची सुधारण्याची संधीच काढून घेतली. तरुण सहकाऱ्याची चूक त्याच दिवशी सांगितली जाते आणि तो शिकतो. ज्येष्ठाची चूक झाकली जाते आणि तो मागे पडतो. मग आपण म्हणतो, वयामुळे झालं.

सांगायचं कसं? एकट्यात, लवकर, आणि एका कामापुरतं. त्यांचा सबंध कारकिर्दीचा हिशेब मांडायचा नाही, प्रस्तावनेत पाच मिनिटं स्तुतीही करायची नाही. ती त्यांना कळते. "परवाच्या अहवालात तीन आकडे जुन्या तक्त्यातले आलेत. पुढच्या विभागानं ते वापरले असते तर मागणी चुकली असती. नवीन प्रणालीत नेमकं कुठे अडतंय?" एवढंच. शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा आणि ऐका.

उत्तर पुष्कळदा अगदी साधं निघतं. पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत. प्रशिक्षणात सगळं भराभर दाखवलं आणि सराव झालाच नाही. जर्मनीतल्या डिंगोल्फिंग इथल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये एका असेंब्ली लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षांचे कामगार ठेवले गेले. कारण पुढच्या दहा वर्षांत सगळ्या कारखान्याचं सरासरी वय तिथवर जाणार होतं. कामगारांशी बोलून ७० छोटे बदल केले गेले: पायाखाली लाकडी जमीन, बारीक भाग पाहायला भिंगं, बसून काम करता येतील अशा खुर्च्या, पाळीत कामांची अदलाबदल. एकूण खर्च सुमारे ४०,००० युरो. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. वय तेच होतं, भिंगं नवीन होती.

ज्येष्ठांबद्दलच्या समजुतींचं काय? थॉमस इंग आणि डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये ४१८ अभ्यास एकत्र करून सहा लोकप्रिय समजुती तपासल्या: ज्येष्ठांना कामाची उमेद कमी, बदलाला विरोध जास्त, इतरांवर विश्वास कमी, तब्येत कमकुवत, घर आणि काम यांचा तोल सांभाळणं अवघड, आणि शिकण्याची तयारी कमी. पहिल्या पाचांना आधार मिळाला नाही. सहावीला मिळाला, प्रशिक्षणाची तयारी थोडी कमी आढळली. ती एक समजूतही मी जपून वाचते. ज्याला वर्षानुवर्षं कुणी प्रशिक्षणाला पाठवलं नाही, किंवा विशीतल्या मुलांच्या वर्गात सगळ्यांसमोर अडखळायला बसवलं, त्याची तयारी कमी होणार नाही तर काय होईल? दोघांचाच सराव, स्वतःच्या खऱ्या कामावर, घाई न करता, असं देऊन बघा.

काही अवघड जागा

हाक कशी मारायची? अहो-जाहो तर करायचंच. पण काका, मावशी अशा नात्याच्या हाका कामाच्या बोलण्यात शक्यतो नकोत, असं माझं मत. काकांना अहवाल उशिरा का झाला हे विचारणं पुतणीला जमत नाही, आणि काकांनाही ते ऐकवत नाही. आधीपासून दादा म्हणत असाल तर बढतीनंतर अचानक बदलू नका. आणि "माझ्या हाताखाली नऊ जण आहेत" असं आपण सहज बोलून जातो, ते बंद करा. तो शब्द ऐकणाऱ्याच्या कानात जास्त वेळ राहतो. "माझ्या टीममध्ये" म्हटलं की भागतं.

तीच जागा ज्येष्ठ सहकाऱ्यालाही हवी होती, ही सगळ्यात नाजूक स्थिती. ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात, दोघंच असताना बोला. "ही जागा तुम्हालाही हवी होती, मला माहीत आहे. निवड माझ्या हातात नव्हती. तुमच्याशिवाय ही टीम चालणार नाही, आणि कोणतं काम पूर्णपणे तुमच्या ताब्यात असावं असं तुम्हाला वाटतं, ते मला ऐकायचंय." माफी मागू नका, कारण गुन्हा झालेला नाही. निवड योग्य कशी होती हेही समजावू नका. आणि ते जे काम मागतील ते दिलंत, तर खरोखर द्या. रोज डोकावू नका.

काही वेळा सगळं करूनही सहकारी मागून पाय ओढत राहतो. मीटिंगमध्ये हो, बाहेर टोमणे, नव्या मुलांना "तिचं मनावर घेऊ नका" असा सल्ला. इथे वयाचा मुद्दा संपला. ठरलेलं काम झालं की नाही यावर बोलायचं, जसं कुणाशीही बोललो असतो तसंच. आणि झालं नाही तर पुढची पायरी घ्यायची. वयाकडे बघून हे सोडून देणारा लीडर टीममधल्या बाकीच्या ज्येष्ठांवर अन्याय करतो, जे मनापासून काम करतायत.

जे वाचक स्वतः ज्येष्ठ आहेत, त्यांनाही एक विनंती. समोरच्या तरुण मुलीला कळत नाही असं वाटत असेल, तर तिला कळावं यासाठी लागणारी माहिती कदाचित फक्त तुमच्याकडे आहे. रुग्णालयांत आणि विमानांत एक नियम शिकवतात: धोका दिसला की स्पष्ट शब्दांत सांगायचं. ऐकलं गेलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्यानं ऐकल्याचं उत्तर द्यायलाच हवं. उत्तर मिळालंच नाही तर वर जायचं. हा नियम तुमच्या टीममध्ये दोघांनी मिळून ठरवून घेता येतो. शब्दही ठरवून घ्या, म्हणजे ऐन वेळी मान-अपमान आड येत नाही. "मला इथे धोका दिसतोय" एवढं वाक्य पुरतं. ते उच्चारलं गेलं की तरुण लीडरनं हातातलं थांबवायचं, कारण विचारायचं, आणि मग निर्णय बदलला किंवा नाही बदलला, ते का, हे त्याच जागी सांगायचं.

पुढच्या मीटिंगमध्ये त्या गृहस्थांनी वहीतून मान वर काढून म्हटलं, "मला इथे धोका दिसतोय. गुरुवारी दोन्ही कामं एकाच यंत्रावर येतायत." तिनं फळ्यावरची वाटणी पुसली आणि विचारलं, "मग बुधवारी काय हलवता येईल?"